तुंबडी उतरवल्यानंतर : पश्चात्कर्माविषयी काही अनुभव

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील वैद्याने आपली रुग्णनोंदवही चाळली, तर ऋतूंप्रमाणे पिके बदलतात तशी दुखणीही बदलताना दिसतात. आषाढ-श्रावणात पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात भाताची लावणी सुरू झाली की कटिशूलाचे रुग्ण वाढतात. दसऱ्याच्या सुमारास द्राक्षबागांची छाटणी होते आणि दिवसभर मान वर करून काम करणारे मन्यास्तंभाची तक्रार घेऊन येतात. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात वीस-वीस किलोंचे क्रेट उचलणाऱ्यांची पाठ आणि खांदे धरतात. हे रुग्ण उद्या पुन्हा कामावर जाणारे असतात. त्यांना आठ दिवसांची विश्रांती सांगणे सोपे आणि ती त्यांना मिळणे कठीण. म्हणून ‘लगेच मोकळे करणारा’ उपाय ते मागतात आणि गेल्या काही वर्षांत हा उपाय ‘कपिंग’ या नावाने मागितला जाऊ लागला आहे.

इ. स. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्स याच्या खांद्यावरील गोल जांभळे ठसे साऱ्या जगाने पाहिले. तेव्हापासून हे ठसे मोबाइलच्या पडद्यावरून खेडोपाडी पोहोचले. युनानी वैद्यकात हीच क्रिया हिजामा म्हणून चालते, तर चिनी वैद्यकात बांबूच्या व काचेच्या पेल्यांनी. आपल्या वाचकांना मात्र या क्रियेची ओळख परक्या नावाने करून देण्याचे कारण नाही. गावोगाव फिरणाऱ्या वैदू मंडळींच्या झोळीत जडीबुटीच्या जोडीला शिंगाची तुंबडी असे आणि ‘तुंबडी लावणे’ हा शब्दप्रयोग आपल्या भागातील वृद्धांना आजही समजतो. मराठीत ‘स्वतःची तुंबडी भरणे’ असेही म्हणतात. ती तुंबडी भिक्षापात्राची, ही रक्तमोक्षणाची; परंतु उपचारात रुग्णहिताचा विसर पडला तर दोहोंत फारसे अंतर उरत नाही.

शास्त्राधार

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या तेराव्या अध्यायात वातदुष्ट रक्तासाठी शृंग, पित्तदुष्टासाठी जलौका आणि कफदुष्टासाठी अलाबू अशी योजना सांगितली आहे. गाईचे शिंग उष्ण-स्निग्ध म्हणून वातावर, पाण्यात वाढणारी जळू शीत म्हणून पित्तावर आणि कडू भोपळा रूक्ष-तीक्ष्ण म्हणून कफावर, अशी त्यामागील उपपत्ती आहे. शिंगाच्या टोकाकडून तोंडाने चोषण करावे आणि अलाबूच्या आत दिवा ठेवून तो लावावा, हा विधीही तेथेच येतो. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या यंत्रविधी अध्यायात मापेही दिली आहेत. शिंग अठरा अंगुळे लांब, त्याचे मुख तीन अंगुळे आणि टोकाचे छिद्र मोहरीएवढे; अलाबू बारा अंगुळे लांब आणि अठरा अंगुळे परिघाचा. घटीयंत्राचा उल्लेखही त्याच ठिकाणी आहे. आज बाजारात मिळणारा पारदर्शक कप आणि त्याचा हातपंप हे या यंत्रांचेच वंशज होत. दिव्याचे व तोंडाचे काम पंप करतो, एवढाच फरक.

याहून महत्त्वाचा मुद्दा अधिष्ठानाचा आहे. सुश्रुतांच्या मते रक्त सर्वांगव्यापी असेल तर सिराव्यध, खोल असेल तर जलौका, एके ठिकाणी पिंडित झाले असेल तर प्रच्छान आणि त्वचेत स्थित असेल तर शृंग व अलाबू. म्हणजे तुंबडीचे कार्यक्षेत्र मुख्यतः त्वचा हे आहे. आपण उपचार कंबरेच्या दुखण्यावर करतो, परंतु त्याची किंमत प्रथम त्वचा मोजते. या लेखाचा सारा आशय एवढ्या एका वाक्यात आहे. तो आम्हांला ग्रंथात वाचून उमगला नाही, स्वतःच्या पाठीवर आणि नंतर एका रुग्णाच्या पाठीवर उमगला.

स्वतःवर केलेला प्रयोग

आम्ही चौघे वैद्य. दोघे जुन्नर परिसरात, एक ओतूरकडे आणि एक घोडेगावकडे व्यवसाय करणारे. रुग्णांची मागणी वाढू लागल्यावर कपांचे संच आणले गेले. परंतु जे आपण आपल्या पाठीवर घेतलेले नाही ते रुग्णाच्या पाठीवर ठेवू नये, असे आमच्यातील ज्येष्ठांनी सुचवले. एका रविवारी दुपारी आम्ही आळीपाळीने पालथे पडलो.

प्रत्येकाच्या पाठीवर मणक्याच्या दोन्ही बाजूंस, हाडाचा उंचवटा टाळून, पाच कप लावले. पूर्वी कोमट तिळतेलाचे हलके स्नेहन व मृदू स्वेदन केले होते. पंपाचा पहिला ओढा बसताच त्वचा कपात घुमटासारखी वर येते आणि ओढल्यासारखी संवेदना होते. तिला वेदना म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तीन-चार मिनिटांनी जागा उबदार वाटू लागते. आमच्यापैकी दोघांना पाच मिनिटे पुरेशी वाटली. एकाने धीटपणे दहा मिनिटे सोसली. कप काढल्यावर चौघांनाही पाठ हलकी वाटली, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. त्याचबरोबर हेही नमूद केले पाहिजे की स्नेहन, स्वेदन आणि अर्धा तास शांत पडून राहणे, यांनीही पाठ हलकी होतेच. दीर्घकालीन मानदुखी व कंबरदुखीवर कपिंगने काही काळ उतार पडतो असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. परंतु खोटा कप लावून तुलना करणे अवघड असल्याने त्या पुराव्याची प्रत सामान्यच मानली जाते. रुग्णाला सांगताना आपली भाषा याच मापाची असावी.

त्यानंतरचे दिवस आम्ही वहीत टिपून ठेवले. पाच मिनिटांचा ठसा गुलाबी-लाल होता आणि चौथ्या दिवशी दिसेनासा झाला. दहा मिनिटांचा ठसा पिकल्या जांभळासारखा होता. पाचव्या दिवशी त्याच्या कडेला हिरवट छटा आली, आठव्या दिवशी तो पिवळसर झाला आणि बाराव्या दिवशी मावळला. चोषणाने सूक्ष्म केशवाहिन्या फुटतात, त्यांतील रक्त त्वचेत साचते आणि त्यातील हिमोग्लोबिनचे विघटन होताना हे रंग क्रमाने उमटतात. मार लागल्यावर काळेनिळे पडते त्याच जातीची ही घटना आहे. ‘जितका काळा डाग तितके दुष्ट रक्त बाहेर आले’ असे रुग्णाला सांगण्याची जी प्रथा पडली आहे ती आपण सोडावी. कोरड्या कपिंगमध्ये रक्त बाहेर येतच नाही. डागाचा गडदपणा बहुतांशी ओढ्याच्या जोरावर, वेळेवर आणि त्या जागेच्या त्वचेवर अवलंबून असतो.

आमच्यापैकी सर्वांत सावळ्या वर्णाच्या मित्राचा डाग मात्र बारा दिवसांत गेला नाही. तपकिरी वलय सुमारे दीड महिना राहिले. आपल्याकडील बहुसंख्य रुग्णांची त्वचा याच वर्णाची आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

आणखी एक अनुभव येथे देतो. एका मित्राने घरी गेल्यावर आग कमी व्हावी म्हणून ठशांवर थंडगार चंदनलेप लावला, तो वाळू दिला आणि पंख्याखाली झोप काढली. सायंकाळी त्या जागी टोचणी, खाज व किंचित सूज आली. अष्टांगहृदयाच्या शस्त्रविधी अध्यायाच्या अखेरीस नेमके हेच सांगितले आहे : रक्तस्रावणानंतर शीत प्रदेहादिकांनी वायू कुपित होऊन टोचणी व कंडूसहित शोफ उत्पन्न होतो, त्यावर उष्ण घृताचे सेचन करावे. मित्राने कोमट तूप हलक्या हाताने लावले आणि रात्रीपर्यंत त्याला स्वस्थता वाटली. आमचे कप कोरडे होते, रक्तस्रावण झालेले नव्हते आणि एका व्यक्तीच्या अनुभवावरून सिद्धांत निघत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि परीक्षेसाठी पाठ केलेले सूत्र इतक्या वर्षांनी स्वतःच्या कातडीवर वाचावयास मिळाले, एवढे खरे.

आमची चूक

यानंतर काही महिने रुग्णांवर कपिंग सुरू राहिले आणि बहुतेकांना बरे वाटले. मग टोमॅटोच्या ऐन हंगामात आमच्यातील एकाच्या दवाखान्यात पन्नाशीच्या एक बाई आल्या. दिवसभर क्रेट उचलून कंबर धरली होती. दवाखान्यात गर्दी होती. कप लावले गेले आणि दुसऱ्या रुग्णाकडे वळलेल्या वैद्याचे घड्याळाकडे लक्ष गेले तेव्हा वीस मिनिटे उलटून गेली होती. दोन जागी पाण्याचे लहान फोड दिसत होते. ‘बसून जाईल’ असे सांगून बाईंना घरी पाठवले. काय करावे आणि काय करू नये, याविषयी एक शब्दही सांगितला गेला नाही. मधुमेहाविषयीही विचारले गेले नव्हते.

बाई दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या. कंबरेवर क्रेट टेकताच फोड फुटले. घरच्यांनी त्यावर चुना व हळद थापली. सहाव्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा जागा पिकली होती आणि ताप होता. रक्त तपासले तेव्हा साखर बरीच वाढलेली निघाली. शल्यतज्ज्ञांच्या मदतीने जखम स्वच्छ केली, प्रतिजैविके दिली, साखर आटोक्यात आणली. व्रण भरून यावयास तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली, तीही हंगामातली. शेवटच्या पट्टीच्या वेळी बाई एवढेच म्हणाल्या, “डॉक्टर, कंबरंचं दुखणं घेऊन आले होते, कातडीचं घेऊन चालले.”

त्या वाक्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. चूक एकाच्या दवाखान्यात झाली, परंतु ती आम्हां चौघांची होती, कारण चौघांपैकी कोणीही पश्चात्कर्म लिहून काढलेले नव्हते. पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म ही त्रयी आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. व्यवहारात मात्र कप उतरला की उपचार संपला असे धरून चालतो. वस्तुतः प्रधानकर्म दहा मिनिटांचे असते, पश्चात्कर्म दहा दिवसांचे. त्यानंतर आम्ही जी पद्धती ठरवली ती वैद्यबंधू-भगिनींच्या विचारार्थ पुढे मांडत आहोत.

कोणास लावू नये

सुश्रुतांनी सर्वांगशोफ, पांडू, अर्श, उदर, शोष यांनी क्षीण झालेले रुग्ण आणि गर्भिणी यांना रक्तमोक्षणाचा निषेध सांगितला आहे. त्यास आजच्या ज्ञानाची जोड द्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणारे, रक्त न गोठण्याचा विकार असणारे, डेंग्यूसारख्या तापात किंवा त्यातून नुकतेच उठलेले (प्लेटलेट कमी असण्याची शक्यता म्हणून), अनियंत्रित मधुमेहाचे आणि ज्यांची त्वचेची संवेदना मंद आहे असे रुग्ण वर्ज्य समजावेत. जखम, पुरळ, गाठ, फुगलेल्या सिरा यांवर कप ठेवू नये. सोरायसिसच्या रुग्णात जेथे त्वचेस इजा होते तेथे नवे चट्टे उठू शकतात. ज्यांच्या जुन्या जखमांचे वण जाड व उंच होतात त्यांच्यावर प्रच्छान करू नये. कंबरदुखीबरोबर पायात बधिरता, लघवी अडणे, ताप किंवा वजन घटणे असेल तर तुंबडीत वेळ न दवडता पुढील तपासणीस पाठवावे.

कप लावताना

पहिल्या वेळी तीन ते पाच मिनिटे पुरेत, पुढेही दहा मिनिटांपलीकडे जाऊ नये. घड्याळाचा गजर लावावा आणि कप लागलेला असताना रुग्णास एकटे सोडू नये. त्वचा वर आली की ओढा थांबवावा. अधिक रक्त वाहून जाऊ देण्यापेक्षा थोडे दुष्ट रक्त शेष राहिलेले बरे, हा सिराव्यधाविषयीचा आचार्यांचा संयम येथेही लागू पडतो. कप काढताना झडप उघडून हवा आत घ्यावी, ओढून काढू नये. स्पिरिटच्या बोळ्याची ज्योत वापरण्याची पद्धत भाजण्याच्या धोक्यामुळे आम्ही पूर्णतः सोडली आहे.

प्रच्छानासह कप लावावयाचा असेल तर जबाबदारी अनेक पटींनी वाढते. छेद सरळ, एकमेकांत न मिसळणारे, सूक्ष्म, सम, फार खोल नाहीत व फार उथळ नाहीत असे, त्वरेने आणि मर्म, सिरा, स्नायू व संधी वाचवून करावेत, हा सुश्रुतांचा दंडक आजही बदलण्याचे कारण नाही. पाते निर्जंतुक व एकदाच वापरण्याचे असावे. रक्त लागलेला प्लास्टिकचा कप दुसऱ्या रुग्णास वापरू नये. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा प्रसार रक्तातून होतो. शिंग व भोपळा सच्छिद्र असल्याने त्यांचे खात्रीलायक निर्जंतुकीकरण होत नाही. त्यांनी आता संग्रहालयात सन्मानाने विसावावे, आणि तोंडाने चोषण तर कदापि करू नये. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, दूषित प्लास्टिक लाल पिशवीत आणि पाती पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जावीत.

त्वचेची निगा

1. कप काढल्यावर रुग्णास दहा-पंधरा मिनिटे पडून राहू द्यावे. एकदम उठल्यास भोवळ येते.

2. कोरड्या कपनंतर अखंड त्वचेवर कोमट तूप किंवा शतधौत घृत पातळ लावावे. चोळू नये. ठशावर पुन्हा मर्दन किंवा शेक देऊ नये.

3. पहिल्या दिवशी कढत पाण्याने स्नान, ऊन, थंड वारा, व्यायाम आणि मद्य वर्ज्य. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्याने स्नान करावे, परंतु ठशावर साबण वा घासणी वापरू नये. खाज असल्यास ताज्या त्रिफळाक्वाथाने, गाळून व कोमट करून, जागा धुवावी. आपल्या पश्चिम भागातील आदिवासी बांधव जो हिरडा गोळा करतात तो त्रिफळ्यात असतोच, तेव्हा औषध दुरून आणावे लागत नाही.

4. प्रच्छान केले असल्यास जागा निर्जंतुक जलाने पुसून निर्जंतुक पट्टी बांधावी. चोवीस तास ती भिजू देऊ नये. छेद मिटेपर्यंत कालव्यात, विहिरीत वा धरणात पोहू नये. शस्त्रकर्मजन्य वेदनेवर सुश्रुतांनी यष्टिमधुयुक्त कोमट घृताचे सेचन सांगितले आहे. ते वापरावयाचे तर ताजे, स्वच्छ व झाकून ठेवलेले असावे. दुकानातील सुटी चूर्णे उघड्या छेदांवर टाकू नयेत.

5. फोड आल्यास फोडू नये. सैल, निर्जंतुक पट्टी ठेवावी व दुसऱ्याच दिवशी रुग्णास परत बोलवावे. चुना, राख, तंबाखू, टूथपेस्ट लावू नये, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. न सांगता रुग्णास ते कळेल असे गृहीत धरू नये.

6. ठसे मावळेपर्यंत पाठीवर फवारणीचा पंप घेऊ नये. पट्ट्याने त्वचा घासते आणि दुखावलेल्या त्वचेतून कीटकनाशक अधिक शोषले जाण्याचा धोका असतो. क्रेट, पाटी, उसाची मोळी यांचाही भार त्या जागी नको. म्हणून फवारणीच्या किंवा तोडणीच्या आदल्या दिवशी कपिंग करूच नये. रुग्णास ‘उद्या काम काय?’ हा प्रश्न प्रथम विचारावा.

7. ठशावर ऊन लागल्यास काळा डाग दीर्घकाळ टिकतो. पाठ सुती कपड्याने झाकावी. शेतात काम करणाऱ्या भगिनींना पदर पाठीवर घेण्यास सांगावे.

8. जुना ठसा पूर्ण गेल्याखेरीज त्याच जागी पुन्हा कप लावू नये.

9. आहार लघु व दीपन असावा. मुगाचे कढण, भात, तूप. वाढती लाली, पू, ताप किंवा वाढती वेदना असल्यास त्वरित परत यावे.

हे सारे आम्ही मराठीत एका पानावर लिहून प्रत्येक रुग्णाच्या हाती देतो आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या सोबत आलेल्यास वाचून दाखवतो. डागांचे स्वरूप आधी समजावून रुग्णाची लेखी संमतीही घेतो. असे ठसे पाहून मारहाणीचा संशय येऊ शकतो, म्हणून घरच्यांना कल्पना असणे हितावह ठरते.

समारोप

पार्लरमध्ये आणि व्यायामशाळांत आज कप लावले जात आहेत. त्यांच्यापेक्षा वैद्य निराळा कशाने ठरतो? कप त्याच कारखान्यातले, पंपही तोच. निराळेपण कप लावण्यापूर्वी विचारलेल्या प्रश्नांत आणि कप उतरल्यानंतर घेतलेल्या काळजीत आहे.

त्या बाई पुढच्या हंगामात पुन्हा आल्या. कंबर दुखत होतीच. कप लावले नाहीत. स्नेहन, स्वेदन, औषध आणि क्रेट उचलताना गुडघ्यात वाकण्याची रीत एवढेच दिले. पाठीवरील फिकट वण आम्ही पाहिला आणि वहीत नोंदवला. आमच्या विनंतीला मान देऊन वैद्यबंधू-भगिनींनी आपापले अनुभव, विशेषतः फसलेले, या त्रैमासिकाकडे लिहून पाठवावेत. यशाच्या कथा सर्वजण सांगतात. पुढच्या रुग्णाची त्वचा वाचते ती चुकांच्या नोंदीमुळे.